डोळ्यांना अंधुक दिसतंय? कोणत्या त्रासात थांबता येतं आणि कधी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा?

अंधुक दिसणं हा स्वतः एक आजार नाही, ते लक्षण आहे. चष्म्याच्या नंबरापासून साखरेपर्यंत त्याची कारणं बरीच आहेत. 'वयामुळे होतंय', 'सुगी झाली की बघू' असं म्हणत अनेकजण दुखणं अंगावर काढतात. काही कारणांत त्याने फारसं बिघडत नाही. काहींत मात्र गेलेली नजर परत येत नाही. म्हणून हा फरक माहीत असायला हवा.

आधी घरी हे करून बघा

एक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचा. मग दुसरा डोळा झाकून वाचा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याची कमी भरून काढतो, त्यामुळे एका डोळ्याची नजर कमी झालेली महिनोन् महिने कळत नाही. चष्मा असेल तर तो लावूनच बघा.

हळूहळू अंधुक होत असेल तर

- नंबर आणि चाळिशी : लांबचं दिसत नसेल तर बहुधा नंबर असतो. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येत नाही, मोबाईल लांब धरावा लागतो. हे वयाचं आहे, चष्म्याने भागतं.
- मोतीबिंदू : डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. धुक्यातून बघितल्यासारखं वाटतं, रात्री समोरच्या गाडीचा उजेड फाकतो. यावर थेंबांचा उपाय नाही, ऑपरेशन हाच इलाज. त्यात गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदू पूर्ण पिकायची किंवा थंडीची वाट बघायची गरज नाही. रोजची कामं अडायला लागली की ऑपरेशन करता येतं.
- काचबिंदू : हा जास्त धोक्याचा. बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढून नजरेची शीर खराब होते. दुखत नाही, आधी कडेचं दिसणं कमी होतं, त्यामुळे पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज थेंब टाकून उरलेली वाचवता येते. आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्याच.
- साखर : मधुमेहात डोळ्याचा पडदा आतून खराब होतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. म्हणून साखर असलेल्यांनी दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासावा. साखर वर-खाली असताना चष्मा करू नका, नंबर बदलत राहतो.

त्याच दिवशी दवाखान्यात जा

- एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं किंवा एकदम कमी झालं.
- डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटतंय, विजेसारखे चमकारे किंवा एकाएकी खूप काळे ठिपके दिसतायत.
- डोळा लाल, ठणका, दिव्याभोवती रंगीत कडं आणि सोबत उलटी. पित्त समजून घरी थांबू नका, डोळ्यातला दाब एकदम वाढलेला असू शकतो.
- अंधुक दिसण्यासोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला तर तो लकवा असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.
- दारू प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागलं. विषारी दारूत असं होतं, जीवही जाऊ शकतो.

शेतात डोळ्याला लागलं तर

उसाचं पान, भाताचं कूस, मळणीतला भुसा किंवा जनावराची शेपटी लागून बुबुळावर जखम होते. तिच्यात बुरशी वाढली की पांढरा डाग पडतो. यालाच आपल्याकडे 'फूल पडणं' म्हणतात. अशा वेळी मेडिकलमधून मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी जोमाने वाढते. एरंडेल, मध, पाल्याचा रस, बाळंतिणीचं दूध हेही घालू नका.

फवारणीचं औषध किंवा चुना डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं धुवा, मग दवाखाना गाठा. औषधाचा डबा सोबत न्या.

लहान मुलांचं

पोर टीव्हीजवळ जाऊन बसतं, फळ्यावरचं चुकीचं उतरवतं किंवा डोळा तिरळा दिसतो, तर लगेच तपासा. एक डोळा लहानपणी 'आळशी' राहिला तर मोठेपणी चष्म्यानेही नीट सुधारत नाही. अंधार पडल्यावर मूल धडपडत असेल तर 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा डोस चुकवू नका.

जायचं कुठे?

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र विभागाचा दिवस कोणता, हे आशाताईंना विचारा. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी जिल्हा रुग्णालयात मोफत होतं. जाताना जुना चष्मा, चालू गोळ्या आणि साखर-बीपीचे कागद सोबत ठेवा. पडदा तपासताना थेंब टाकतात, त्यानंतर काही तास अंधुक दिसतं. त्यामुळे त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका, कोणाला तरी सोबत न्या.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)