वापरलेली ‘डिस्कव्हरी’ घेताना

घरात दुसरे मूल आले आणि आजी-आजोबाही प्रवासाला सोबत येऊ लागले, की पाच आसनी मोटार अपुरी पडते. अशा वेळी अनेकांचे लक्ष लँड रोव्हरच्या ‘डिस्कव्हरी ४’कडे जाते. २००९ ते २०१६ या काळात तयार झालेली ही गाडी वापरलेल्या वाहनांच्या बाजारात बरीच स्वस्त मिळते. देखभालीचा खर्च मात्र महागड्या गाडीचाच राहतो.

सात आसनी गाडीत तिसऱ्या रांगेतही प्रौढ माणूस बसू शकतो. पण ती रांग उघडल्यावर सामानाला जेमतेम जागा उरते. म्हणून बाबागाडी सोबत नेऊनच गाडी पाहावी.

खरी परीक्षा सस्पेन्शनची. यात पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने फुगणारे रबरी फुगे असतात आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. इंजिन सुरू ठेवून गाडी पूर्ण वर-खाली करून पाहावी. शक्य झाल्यास ती रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी. सकाळी एखादा कोपरा खचलेला दिसला, तर हवेची गळती आहे असे समजावे.

डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट अंतराप्रमाणेच वर्षांनुसारही बदलावा लागतो. पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून किंमत ठरवावी. ‘साहेबांनी जपून वापरली’ हे विक्रेत्याचे वाक्य पावतीची जागा घेऊ शकत नाही.

परराज्यातील गाडीला तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, शिवाय महाराष्ट्राचा वाहन करही भरावा लागतो. आरसीवरील बँकेचा बोजा उतरल्याची खात्री होईपर्यंत इसार देऊ नये.