रेल्वेजन्य वाक्प्रचार

रेल्वेच्या कामकाजातून आणि प्रवासातून निघून मराठीत रुळलेले शब्दप्रयोग. त्यांचे मूळ क्षेत्र मुंबई आणि तिची उपनगरे. कुर्ला, ठाणे व कल्याण मुंबईला लोहमार्गाने जोडण्याची कल्पना जॉर्ज क्लार्क या अभियंत्याला 1843 मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत सुमारे 34 किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. पश्चिमेकडे 1867 मध्ये विरारची गाडी सुरू झाली.

‘हिरवा कंदील दाखवणे’ हा यांतील सर्वांत रूढ प्रयोग. अर्थ : संमती देणे, काम सुरू करू देणे. गार्ड गाडी सोडताना दिवसा हिरवे निशाण आणि रात्री हिरव्या काचेचा कंदील दाखवत असे. इंग्रजीतही हिरव्या दिव्याचा असाच प्रयोग आहे. मराठीने मात्र गार्डच्या हातातला कंदील धरून ठेवला, आणि हे अधिक चित्रमय आहे. हिरव्याला हा मान उशिरा मिळाला. ब्रिटिश रेल्वेत आरंभी पांढरा दिवा म्हणजे मार्ग मोकळा, तर हिरवा म्हणजे सावध, असा संकेत होता. लाल काच फुटली की थांबण्याचा दिवाही पांढरा दिसे आणि गाडी धोक्यात सापडे. या कारणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिरवा रंग ‘चला’ या अर्थाने पक्का झाला.

‘गाडी रुळावर येणे’ म्हणजे बिघडलेला संसार, धंदा किंवा अभ्यास सुरळीत होणे. ‘डबा घसरणे’ हे त्याच्या उलट. ‘सांधा बदलणे’ म्हणजे बोलण्याचा किंवा कामाचा रोख वळवणे. दोन रूळ मिळतात त्या सांध्यावर गाडीला दुसऱ्या मार्गाला लावणारा तो सांधेवाला. ‘साइडिंगला टाकणे’ म्हणजे एखाद्याला महत्त्वाच्या कामापासून दूर ठेवणे. रिकामे डबे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळांवर उभे करतात, त्यावरून हा प्रयोग आला. राजकीय बातम्यांत तो विशेष आढळतो.

हे सारे प्रयोग रेल्वे चालवणाऱ्यांच्या कामातून आले. लोकलच्या प्रवाशांनी घडवलेली बोली वेगळी आहे आणि कोशकारांचे तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘चौथी सीट’ म्हणजे तिघांच्या बाकावर सरकून मिळवलेली अर्धीमुर्धी जागा. ‘डाउन करणे’ म्हणजे बसायला मिळावे म्हणून आधी उलट दिशेने जाणे. मुंबईच्या टोकाकडे येणारी गाडी ‘अप’ आणि तिकडून जाणारी ‘डाउन’. त्यामुळे सकाळी कांदिवलीचा प्रवासी डाउन गाडीने बोरिवलीला जातो आणि तिथून सुटणाऱ्या चर्चगेट लोकलमध्ये जागा धरतो; मुलुंडचा प्रवासी त्याचसाठी ठाणे गाठतो.