युद्धातला एक तास

मागच्या आठवड्यात ऊर्जानगरच्या एका मित्राने निवृत्त मंडळींची यादी साफ करायला पाठवली. काही जन्मतारखा नेमक्या एक दिवस मागे सरकलेल्या, आणि त्या सगळ्या सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मधल्या. त्याचा संशय एक्सेलवर. मला मात्र त्या तारखा बघूनच दुसरं महायुद्ध आठवलं!

१ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतातली घड्याळं एक तास पुढे होती. ग्रीनिचपेक्षा साडेपाच नव्हे, साडेसहा तास. युद्धकाळातली काटकसर. (वीज बनवणाऱ्या गावात हे सांगायला मजा येते.)

आता गंमत बघा. १५ जुलै १९४३, रात्रीचे बारा. कॉम्प्युटरच्या टाइमझोन डेटाबेसला हा इतिहास ठाऊक आहे, म्हणून तो साडेसहा तास वजा करून १४ तारखेचे संध्याकाळचे साडेपाच साठवतो. पुढचा प्रोग्राम डोळे मिटून साडेपाच तास मिळवतो. झाले १४ जुलै, रात्रीचे अकरा. वेळ छाटली की आजोबा एका दिवसाने मोठे! पेन्शनच्या कागदावर एक तारीख, आधारवर दुसरी, मग मारा खेपा.

माझं मत सरळ आहे: जन्मतारखेला वेळ चिकटवूच नये, नुसती तारीख ठेवावी. १९०६ च्या आधीच्या नोंदी असतील तर आणखी धमाल. तिथे हाच डेटाबेस मद्रासची वेळ धरतो, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारा 'बॉम्बे टाइम' मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होता, त्याच्यासाठी तर वेगळा झोनच नाही.