मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा खर्च

'''मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा खर्च''' यात महाविद्यालयाचे शिक्षण व परीक्षा शुल्क, क्रमिक पुस्तके, प्रवास, निवास आणि भोजन या बाबींचा समावेश होतो. कोरडवाहू शेती व वारंवार पडणारा दुष्काळ यांमुळे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील कळंबसारख्या तालुक्यांत हा खर्च शिक्षण चालू राहण्याच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिवचा समावेश आहे.

== पार्श्वभूमी ==
१९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व विद्यापीठीय शिक्षणासाठी प्रामुख्याने हैदराबादला जावे लागे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा झाला. मांजरा नदीकाठच्या कळंब शहरातील शिक्षणमहर्षी ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे.

== शुल्काची रचना ==
अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकांचे वेतन शासन देत असल्याने शिक्षण शुल्क कमी असते. विनाअनुदानित अभ्यासक्रमांचा खर्च मात्र मुख्यतः शुल्कातून भागवला जातो. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि हा फरक वाढला. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या अधिनियमानुसार स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते.

== सवलती व शिष्यवृत्त्या ==
* '''मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती''' – अनुसूचित जातींसाठी १९४४ पासून. सध्याची कौटुंबिक उत्पन्न मर्यादा वार्षिक २.५ लाख रुपये.
* '''राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती''' – ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना निम्मे शुल्क.
* '''मुलींसाठी शुल्कमाफी''' – जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी.
* '''स्वाधार योजना''' – शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना निवास व भोजनासाठी रक्कम.

२०१८ च्या दुष्काळात बाधित तालुक्यांतील विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ करण्यात आले. एस.टी. च्या मासिक पासावरही विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते.

== पुस्तके ==
महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठीतून विद्यापीठ स्तरावरील पुस्तके काढली. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पुस्तक पेढी योजनेत साधारणपणे दोघांमागे एक संच दिला जातो. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींबाबतच्या खटल्यात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढणे प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मधील अपवादात येते, असा निर्णय दिला.

== मर्यादा ==
शुल्कमाफीत निवास, भोजन व पुस्तके येत नाहीत. कळंबच्या विद्यार्थ्यास व्यावसायिक शिक्षणासाठी लातूर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यास राहावे लागले, तर शुल्क माफ होऊनही दरमहाचा खर्च कुटुंबावरच पडतो. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष सुरू झाल्यानंतर जमा होत असल्याने तोवरची तजवीज उसनवारीने करावी लागते.

हाच प्रश्न फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आंदोलनात पुढे आला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांची वसतिगृह व भोजन शुल्कातील सवलत काढून घेतल्याच्या निषेधार्थ मुंबई, हैदराबाद व गुवाहाटीसह धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर येथील विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला.

== हेही पाहा ==
* कळंब तालुका
* कमवा व शिका योजना
* डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ