वळणाचे गणित

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील केंदूर हे गाव वारकरी मंडळींना संत कान्हूराज पाठक यांच्यामुळे ठाऊक आहे, आणि पेशवाईच्या अभ्यासकांना ते थोरल्या बाजीरावाने मस्तानीला पाबळ व लोणी यांच्या जोडीने लावून दिलेले गाव म्हणून ठाऊक आहे. अक्षरांच्या इतिहासात मात्र केंदुराचा निर्देश सहसा कोणी करीत नाही. तो केला पाहिजे असे मला वाटते. कारण ज्या टापूत इनामाची सनद, गावचा जमाखर्च, कुळाची बाकी आणि वतनाचा तंटा या साऱ्यांचा निवाडा मोडीतील चार ओळींवर अवलंबून असे, त्याच टापूत, केंदुराच्या शेजारी असलेल्या पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमात, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या बाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ २००२ साली उभी राहिली. तेथे संगणकाच्या पडद्यावर आखलेली रेषा यंत्राच्या पात्याला चालवू लागली. या दोन घटनांच्या मध्ये मराठी अक्षराने जो प्रवास केला, तो मुद्रणकलेचा आहे तितकाच गणिताचाही आहे, आणि त्यात मराठी माणसांनी केलेले काम इतके मोठे आहे की त्याची नोंद सावकाश, यथासांग व्हावी.

आरंभ मोडीपासून केला पाहिजे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी तिची उत्पत्ती जोडणारी परंपरा प्रसिद्धच आहे. त्या परंपरेच्या खरेखोटेपणात न शिरताही एवढे निश्चित म्हणता येते की, दफ्तरातील कामाचा वेग हेच या लिपीच्या घडणीचे कारण होते. कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेखाली, बोरू शक्य तितका न उचलता, अक्षरामागून अक्षर वळवीत जाई. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तो पाळीत नसे, शब्द तोडीत नसे, आणि स्वराची खूण पुष्कळदा स्वतंत्र न काढता अक्षराच्याच वळणात मिळवून टाकी. बालबोध अक्षर थांबून वाचायचे, मोडी चालत्या हाताने लिहायची. आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले असंख्य कागद पाहिले म्हणजे ध्यानात येते की, अक्षराचा आकार हा मुळात हाताच्या गतीचा ठसा आहे.

मुद्रणाने ही गती मोडली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुण्यातील वास्तव्यात एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरण्याची विद्या दिली गेली, नाना फडणविसांच्या आश्रयाने भगवद्गीता छापण्याचा घाट घातला गेला, आणि पुढे मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या पदरी १८०५ साली ती गीता छापून पुरी झाली. त्याच वर्षी सेरामपूरला विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत निघाले, आणि त्याचा १८१० मधील मराठी कोश तर मोडीच्या खिळ्यांत छापला गेला. जी लिपी हात न उचलता लिहायची, तिचे सुटे तुकडे पाडून ते शेजारी शेजारी जुळवण्याचा तो प्रयत्न होता. साहजिकच मोडी छापखान्यात फारशी रुजली नाही. ती दफ्तरात राहिली आणि दफ्तराबरोबरच विसाव्या शतकाच्या मध्यास मावळली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाछापाचा मार्ग त्या काळी किती समंजस होता, हे आज विसरले गेले आहे: दगडावर लेखकाचा हात जसाच्या तसा उतरत असल्यामुळे अक्षराला यंत्रापुढे वाकावे लागत नव्हते.

खिळ्यांच्या मार्गाने अक्षराला सौंदर्य मिळवून देण्याचे श्रेय जावजी दादाजींचे. १८६४ साली त्यांनी अक्षरे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला, आणि राणूजी रावजी आरू यांच्या हातच्या ठशांनी देवनागरीला असे भरदार, गोलसर आणि समतोल वळण दिले की, पुढची पाऊणशे वर्षे संस्कृत ग्रंथ म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे निर्णयसागराचे पान उभे राही. परंतु या सौंदर्याची किंमत जुळाऱ्याला मोजावी लागे. रोमन लिपीच्या जुळाऱ्यापुढे शंभराच्या आसपास घरे, तर देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, वरच्या मात्रा, खालचे उकार, रफार अशी शेकडो घरे. एक पान जुळवायचे म्हणजे हात आणि डोळे यांची अखंड ये-जा. येथूनच तो तगादा सुरू झाला, जो पुढे शतकभर थांबला नाही: लिपी कमी करा, यंत्रापुरती करा. ज्या लोकमान्यांनी १९०५ च्या डिसेंबरात काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत देवनागरीला सर्व देशाची सामायिक लिपी म्हणून पाठिंबा दिला, त्यांनीच खिळ्यांची संख्या घटविण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’ची बाराखडी मांडली. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनी खिळे ओतण्याचे अभिनव यंत्र घडवून विलायतेपर्यंत लौकिक मिळवला. न्यूयॉर्कमध्ये हरि गोविल यांनी लायनोटाइप या जुळणीयंत्राच्या नव्वद कळांच्या पाटीवर देवनागरी बसविण्याचे कष्ट घेतले. या सर्वांची निष्ठा निर्विवाद होती आणि त्यांच्यावाचून मराठी वृत्तपत्र वेगाने निघालेच नसते, हे मी मानतो. तथापि एका मुद्द्यावर ते सारे यंत्राच्या बाजूने उभे राहिले. यंत्र हे स्थिर आणि लिपी ही बदलण्याजोगी, असे त्यांनी गृहीत धरले, आणि जे पोलाद वितळवता येत नव्हते त्याच्यासाठी अक्षर वितळवले.

या गृहीताला पहिला खोल धक्का दिला तो अभ्यासाने. लक्ष्मण श्रीधर वाकणकर यांनी १९६८ च्या ‘गणेशविद्या’ या ग्रंथात भारतीय लिपींच्या घडणीमागे उच्चारशास्त्राची शिस्त आहे असे प्रतिपादन केले. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील तीन खंडांचा ग्रंथ १९७१ साली निघाला. त्या ग्रंथांनी अक्षर हा कारागिरीचा विषय शास्त्राच्या बैठकीवर आणला, आणि नेमक्या त्याच दशकात गणितज्ञही अक्षराकडे वळले.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड नूथ यांनी ‘मेटाफॉन्ट’ नावाची जी प्रणाली सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रचली, तिची कल्पना मराठी लेखनिकाला परकी वाटू नये: अक्षर म्हणजे काळ्या रंगाचा ठोकळा नव्हे, एका विशिष्ट छेदाच्या लेखणीने एका विशिष्ट मार्गावरून केलेली वाटचाल होय, मार्गाचे समीकरण लिहा, लेखणीचा छेद व कोन सांगा, अक्षर आपोआप उमटेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संलग्न असलेल्या संगणक केंद्रातील पीयूष घोष यांनी १९८३ साली स्टॅनफर्डमधूनच भारतीय लिपींच्या अक्षररचनेवर व मजकुराच्या जुळणीवर प्रबंधवजा अहवाल प्रसिद्ध केला. बोरूची जीभ रोमन लेखणीच्या छेदाहून उलट छाटली जाते, त्यामुळे देवनागरीत जाड कोठे आणि बारीक कोठे याचा हिशेबच निराळा असतो. जे ज्ञान मोडी-बालबोधाच्या कारकुनाच्या मनगटात होते, त्याला कागदावर चिन्हांची भाषा मिळू लागली ती येथे.

या संगमावर जो माणूस पूर्ण ताकदीने उभा राहिला, तो म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी, ज्यांना आपल्या क्षेत्रात सर्वजण ‘आर. के.’ म्हणत. १९३६ साली जन्मलेले, जे. जे. च्या परंपरेत तयार झालेले, उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शनाची वर्षे घालवलेले आणि पुढे पवईच्या आय. आय. टी. तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले जोशी हे कवीही होते. कागदावरील शब्दाची जागा, त्याचा आकार आणि त्याभोवतीचा कोरा अवकाश हे कवितेचेच अवयव आहेत असे मानून त्यांनी दृश्यकवितेचे प्रयोग केले. असा माणूस जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकशास्त्रज्ञांच्या शेजारी जाऊन बसला, ही घटना मला मराठी सांस्कृतिक इतिहासात फार महत्त्वाची वाटते. भारतीय लिपींच्या अक्षररचनेसाठी तेथे ‘विन्यास’ ही प्रणाली तयार झाली. विन्डोज २००० बरोबर जगभर गेलेली ‘मंगल’ ही देवनागरी अक्षरमाला जोशींच्या हातची होय. आणि ‘रघु’ ही अक्षरमाला तर कोणालाही विनामूल्य वापरता यावी म्हणून खुली करण्यात आली.

‘मंगल’वर सुलेखनकारांनी पुष्कळदा रुक्षतेचा आक्षेप घेतला आहे. तो घेताना तिची परिस्थिती ध्यानात घेतली जात नाही. त्या काळच्या पडद्यावर एका अक्षराच्या वाट्याला उभे-आडवे जेमतेम बारा-पंधरा बिंदू येत. त्या जाळीत शिरोरेघ एका ओळीत नेमकी बसली पाहिजे, नाही तर ती पुसट होते. ‘ष’चा आडवा छेद मिटता कामा नये, ‘द्ध’ची गाठ गचाळ होता कामा नये, वेलांटी शिरोरेघेत बुडता कामा नये. ज्याने मोठ्या पटावर मुक्त हाताने अक्षरे लिहिली, त्याने स्वखुशीने या कोंडवाड्यात शिरून प्रत्येक बिंदूचा हिशेब केला. आज सरकारी पत्र, शाळेचा दाखला किंवा वृत्तपत्रीय मजकूर संगणकावर वाचता येतो याच्या मुळाशी तो हिशेब आहे, आणि सौंदर्याइतकेच औदार्यही अक्षरकाराच्या अंगी असावे लागते हे त्यातून दिसते. ५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जोशींचे निधन झाले.

अक्षर दिसणे ही एक गोष्ट, यंत्राला ते कळणे ही दुसरी. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणकसंस्थेने, कानपूरच्या आय. आय. टी. त सुरू झालेले, भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे ‘जिस्ट’चे काम मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली पुढे नेले, भारतीय लिपींच्या संकेतांना १९९१ साली भारतीय मानकाची मान्यता मिळाली, आणि त्या संकेतांच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने आपली मांडणी घेतली. या मांडणीचे मर्म असे की, तीत जोडाक्षरांना स्वतंत्र घरे नाहीत. संकेत उच्चाराच्या क्रमाने साठवायचे, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी सरकवणे, अर्धे अक्षर निवडणे, रफार डोक्यावर चढवणे ही जुळाऱ्याची सारी विद्या अक्षरमालेत भरलेल्या नियमांनी पार पाडायची. जुळाऱ्याच्या शेकडो घरांचा प्रश्न खिळे न घटवता सुटला! ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद राखणारा आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र, जो खास मराठीच्या निकडीचा, त्यालाही या व्यवस्थेत जागा मिळाली. लोकमान्यांच्या पिढीने ज्याच्यासाठी लिपी आखडायची तयारी केली होती, ते यंत्रच अखेर लिपी शिकले.

आणि यंत्र शिकल्यानंतर प्रयोगाला पुन्हा हात मोकळा झाला. अच्युत पालव यांनी उल्काच्या शिष्यवृत्तीवर मोडीचा अभ्यास केला, आणि मोडी व देवनागरी यांच्या मेळातून ‘मुक्तलिपी’चे वळण घडवले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाची ‘मोदक’ ही अक्षरमाला अक्षर किती जाड होऊ शकते याचा शोध घेते: आतली पोकळी मिटत मिटत केवळ बारीक रेघा उरतात, तरी अक्षर वाचता येते. प्रत्येक जोडाक्षरासाठी असा तोल राखणे हे काम खिळ्यांच्या काळात परवडलेच नसते.

आता पुन्हा पाबळकडे येतो. फॅब लॅबच्या साधनसंचात लेसरने फळी कापणारे आणि चिकट कागदातून अक्षरे कातरणारे यंत्र असते. त्याला जी रेषा दिली जाते तीच रेषा अक्षरमालेतही असते: रेनो मोटारीच्या कारखान्यातील प्येर बेझिए या अभियंत्याने गाडीच्या पत्र्याची वळणे सांगण्यासाठी साठच्या दशकात रूढ केलेली, मोजक्या बिंदूंनी संपूर्ण वक्र बांधून ठेवणारी. ‘क’चा पोट-वळसा या गणिताने लिहिला की तो पडद्यावर दिसतो, कागदावर छापला जातो आणि दुकानाच्या पाटीसाठी पत्र्यातून कापलाही जातो. खेड्यातील विद्यार्थी त्या यंत्रापाशी उभा राहून अक्षर कापतो, तेव्हा मिरजेच्या गीतेसाठी पत्रा कोरणाऱ्या तांबटाचेच काम तो करीत असतो. फरक एवढाच की हत्याराची वाट आता संख्यांत लिहिलेली असते आणि ती हजार वेळा तशीच चालते.

केंदूरच्या शेतकऱ्याला सात-बाराचा उतारा आज संगणकावरून, देवनागरीत, छापील मिळतो. त्याच जमिनीचे जुने कागद मोडीत आहेत, आणि ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला ७९ चिन्हांची स्वतंत्र जागा मिळाली, ही मोठी गोष्ट झाली. त्यामुळे मोडी मजकूर मोडी म्हणूनच साठवता आणि पाठवता येऊ लागला. परंतु जुना रुमाल उघडून त्यातील धावते हस्ताक्षर यंत्राकरवी वाचून घेणे हे काम त्याहून पुष्कळ अवघड आहे, कारण तेथे शब्द तुटलेले नसतात, प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे असते, आणि संक्षेप दफ्तरागणिक बदलतात. त्यासाठी मोडी जाणणारे आणि वक्रांचे गणित जाणणारे, दोघांनी एका मेजावर बसून हजारो ओळी जुळवून द्याव्या लागतील. शिरूर तालुक्यात ही दोन्ही प्रकारची माणसे घडवता येतील. पाबळला कार्यशाळा आहे, आणि वाचायचे कागद याच परिसराच्या जमिनींचे आहेत.