कानाला रुचेल तो सूर : गिरगाव ते लालबाग



मागच्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा झाला आणि एका ताईंनी पिशवीतून कानात घालायचे इअरफोन काढले. मुलाने मुंबईहून पाठवलेले. म्हणाल्या, "ह्यात नुसतं घुमतंय बघा. ढोलकी ऐकू येते, पण बोललेलं कळत नाही. आवाज मोठा केला की कान दुखतो." शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझ्यात उलटं. सगळं चिरकं येतं." दोघींनी अदलाबदल करून पाहिली, तर जे एकीला घुमत होतं तेच दुसरीला गोड लागलं!

तेव्हा आम्ही ठरवलं की यावर एक भाग करायचा. इअरफोन नवे असले, तरी आवाज आपल्या कानाजोगा करून घेण्याची खटपट फार जुनी आहे. तिच्या खुणा मुंबईत गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात जागोजागी सापडतात. आज तिकडे जाऊन येऊ आणि मग ताईंच्या इअरफोनकडे वळू.

सुरुवात गिरगावातून. ऑपेरा हाऊसजवळ प्राध्यापक बी. आर. देवधर यांचं संगीत विद्यालय होतं. कुमार गंधर्व लहानपणी तिथेच शिकले. देवधर मास्तरांनी गाण्याबरोबर आवाजाच्या शास्त्राचाही पुष्कळ अभ्यास केला. अशा ठिकाणी गाणं सुरू होण्याआधी तंबोरा लागायचा. खुंट्या पिळून तारा सुरात आणायच्या, घोडीखालचे मणी सरकवून उरलंसुरलं नीट करायचं. पण खरी गंमत पुढेच आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा किंवा रेशमाचा एक बारीक दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे केला की तारेचा झंकार बदलतो. कधी तो मोकळा होतो, कधी बंद, कधी गोल. याला जवारी काढणं म्हणतात. तार त्याच सुरात राहते, तिचा पोत तेवढा बदलतो. कोणाला कसा झंकार हवा, हे ज्याचा त्याचा कान ठरवतो. मुंबईतच वाढलेल्या किशोरी आमोणकर तंबोरे मनासारखे लागेपर्यंत गायला सुरुवात करत नसत. श्रोते थांबले तरी चालेल, पण कान समाधानी हवा, असा त्यांचा बाणा होता.

आपल्या भजनी मंडळात काय होतं? पेटीवाल्याने पुरुषांच्या सोयीने काळी एक धरली की आपला आवाज खाली बसतो. पट्टी बदलून पांढरी चार किंवा काळी चार घेतली की गळा मोकळा होतो. बायकांनी "पट्टी बदला" म्हणायला लाजायचं कारण नाही. गळा ज्याचा, पट्टी त्याची.

लालबाग-परळमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसायची. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर यांनी गिरणगावात पोवाडे आणि लोकनाट्यं गाजवली. डफाचं चामडं दमट हवेत सैल पडतं आणि आवाज बसका येतो. मग जाळावर डफ शेकायचा, चामडं ताणलं जातं आणि आवाज खणखणीत होतो. तुणतुण्याची खुंटी पिळायची ती वेगळीच. डफ शेकताना तुम्हीही पाहिलं असेल.

मग घराघरांत यंत्रं आली. आधी फोनोग्राफ म्हणजे ग्रामोफोन आला. त्याला आवाज कमी-जास्त करायचं बटणच नव्हतं. तरी लोकांनी वाट काढली. तबकडीवर फिरणाऱ्या सुया वेगवेगळ्या मिळायच्या. जाड सुई लावली की आवाज मोठा, बारीक सुई लावली की मऊ. कर्ण्यात कापड कोंबलं की आवाज दबायचा. सुई निवडणं म्हणजे आपल्या कानासाठी आवाज निवडणंच होतं.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. पुढे रेडिओ चाळीत पोचला. पोस्टातून परवाना काढून रेडिओ ठेवावा लागे. त्याला दोन-तीन गोल खटके असत. एकाने स्टेशन लावायचं, एकाने आवाज, आणि बऱ्याच रेडिओंवर आणखी एक असे तो 'टोन'चा. तो एका बाजूला फिरवला की आवाज भरदार होई, दुसऱ्या बाजूला फिरवला की स्वच्छ आणि धारदार. गाण्याला एक टोन, बातम्यांना दुसरा. मुंबई केंद्रावर बायकांसाठी 'वनिता मंडळ' आणि कामगारांसाठी 'कामगार सभा' हे कार्यक्रम लागत. रेडिओ एका खोलीत आणि ऐकणारा अख्खा मजला, अशी तेव्हाची पद्धत. परळ, वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींतली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं. तिथे माझा टोन, तुझा टोन कुठून चालणार? ज्याचा रेडिओ त्याचा टोन.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा भाग केला, तिच्याकडे येऊ.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. १८५४ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८५६ मध्ये कापूस कातला जाऊ लागला. पुढे लालबाग-परळ हा सगळा भाग गिरणगाव झाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकणातून, घाटावरून गेलेले आपलेच बाप-भाऊ, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी बायकाही गिरणीत राबल्या. यातल्या साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे, शेकडो धोटे एकदम आपटत. तिथला आवाज ९० डेसिबलच्या वरच असायचा. कान शेजारच्याच्या तोंडाशी नेल्याशिवाय शब्द कळत नसे. म्हणून कामगार ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलत.

आमच्यातल्या एकीचे आजोबा लालबागला साच्यावर होते. ती सांगते, "आजोबा घरी आले की रेडिओ पूर्ण मोठा करायचे. शेजारी भांडायला यायचे. आजी म्हणायची, हळू लावा. ते म्हणायचे, आवाज येतो गं, पण काय बोलतायत ते कळत नाही." घरच्यांना वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. हट्ट नव्हता तो. तीस वर्षांच्या मागांनी त्यांचा कान खाल्ला होता.

हे का होतं ते समजून घेऊ. आपल्या कानाच्या आत, शंखासारख्या एका भागात, सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला खबर देतात. मोठा आवाज रोज तासन्‌तास पडला की शेतात जनावरं शिरल्यावर ज्वारी आडवी व्हावी तशा त्या आडव्या होतात. ज्वारी पुन्हा पेरता येते. या पेशी मेल्या की परत उगवत नाहीत. आणि आधी मरतात त्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या. स, श, फ, थ अशा अक्षरांचा फरक त्याच आवाजांवरून कळतो. म्हणून जाड आवाज पोचतो आणि शब्द हरवतो. आजोबांना नेमकं हेच होत होतं. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

आजोबांना निवड नव्हती. मागाचा आवाज कमी करायचा खटका कामगाराच्या हातात कधीच नव्हता. आपल्या हातात मात्र तो आहे, आणि तरी आपण तो वरच नेतो.

कानात घट्ट बसणारे इअरफोन मंचावरच्या कलाकारांच्या फार उपयोगी पडले. बँडच्या गोंगाटात गायकाला स्वतःचाच आवाज ऐकू येईना, म्हणून पायाशी मोठे स्पीकर ठेवत. त्याने गोंगाट आणखी वाढे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत जेरी हार्वे नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या बँडच्या ढोलवादकासाठी कानात बसणारे यंत्र बनवले. बाहेरचा गोंगाट अडवायचा आणि आत हवं तेवढंच, हळू ऐकायचं, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे मंचावर ही वस्तू आवाज कमी करता यावा म्हणून आली. आज तीच स्वस्त होऊन आपल्या पिशवीत आली आहे. तिचे सुटे भाग, केबली, स्पीकर हवे असतील तर गिरगावाला लागून असलेल्या लॅमिंग्टन रोडवर दुकानांच्या रांगाच आहेत.

तर ताई, आता तुमचे इअरफोन काढा.

पहिलं काम रबराच्या टोपीचं. डबीत लहान, मधली, मोठी अशा टोप्या असतात. बहुतेक जणी बसवून आलेलीच वापरतात. टोपी सैल असली की फट राहते, जाड आवाज गळून जातो आणि उरतो तो चिरका. काकूंचं तेच झालं होतं. शिवाय फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपण आवाज वाढवतो. टोपी नीट बसली की आपण बोललो तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो. ही खूण लक्षात ठेवा. दोन्ही कानांना वेगळ्या मापाची टोपी लागू शकते, त्यात काही वावगं नाही.

दुसरं काम टोनचं. बऱ्याच मोबाईलमध्ये सेटिंगमधल्या आवाजाच्या भागात 'इक्वलायझर' असतो. त्यात उभ्या पट्ट्या दिसतात. डावीकडच्या पट्ट्या जाड आवाजाच्या, मधल्या बोलण्याच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. ताईंना घुमतंय, तर डावीकडची पट्टी थोडी खाली ओढा. काकूंची टोपी बदलूनही चिरकं वाटलं, तर उजवीकडची खाली घ्या. एका वेळी एकच पट्टी, तीही थोडी. जे खुपतं ते आधी कमी करा, जे हवं ते वाढवायच्या मागे लागू नका. सगळ्याच पट्ट्या वर नेल्या तर आवाज फाटतो. ओळखीचं गाणं किंवा आमचाच एखादा कार्यक्रम लावून जुळवा. ही तुमची जवारी. मुलाला वेगळी आवडेल, तर आवडू दे.

तिसरं काम जपण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. त्यावर दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. डेसिबल मोजायला आपल्याकडे यंत्र नाही, तर सोपी खूण अशी : आवाजाची पट्टी साधारण अर्ध्याच्या थोडी वरपर्यंत, त्यापुढे नको. आणि हातभर अंतरावरची बाई साध्या आवाजात बोलली तर ते ऐकू आलं पाहिजे. इअरफोन काढल्यावर कानात गुंईऽऽ असा आवाज येत असेल, तर कान तक्रार करतोय असं समजा.

पुढच्या बैठकीत एक काम करा. पिठाच्या गिरणीवर, मळणीयंत्रावर, यंत्रमागावर किंवा डीजेसमोर कोणाच्या घरचं कोण तासन्‌तास असतं, ते एकमेकींना विचारा. घरातला कोणी टीव्ही मोठा लावतो, 'काय, काय' असं दोनदा विचारतो, तर त्याला बहिरा म्हणून हिणवू नका. सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या मैत्रिणीच्या आजोबांना कोणी नेलं नाही, ही खंत तिला अजून आहे.

त्या ताईंनी त्याच दिवशी मधली टोपी काढून लहान लावली, एक पट्टी खाली ओढली आणि थोडा वेळ डोळे मिटून ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "आता बाई बोलतेय ते कळतंय." आवाज त्यांनी वाढवला नव्हता.

पुढच्या भागात भेटू. तोवर कान जपा. नमस्कार.