जेनेरिक प्रकारांवरील बंधने : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एकच कृती निरनिराळ्या प्रकारच्या माहितीसाठी पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये, या गरजेतून संगणक प्रोग्रॅमिंगमध्ये जेनेरिक प्रकारांची संकल्पना पुढे आली. तथापि, प्रत्येक कृती प्रत्येक प्रकारावर करता येतेच असे नाही. यादी चढत्या क्रमाने लावायची, तर तिच्यातील घटकांची परस्परांशी तुलना करता आली पाहिजे. ‘येथे तुलनाक्षम प्रकारच चालेल’ ही जी अट प्रोग्रॅममध्ये नोंदवली जाते, तिला प्रकारबंधन म्हणता येईल. अध्यापनात हा विषय बहुधा व्याकरणाचा एक नियम म्हणून उरकला जातो. वस्तुतः चूक केव्हा उघड व्हावी आणि तिची जबाबदारी कोणाची, हा त्यामागील मूळ प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

बंधनांचा उगम व विकास :
१९७० च्या दशकात एमआयटी येथे बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएलयू ही भाषा विकसित केली. प्रकाराच्या ठायी कोणत्या क्रिया असाव्यात, हे तीत ‘व्हेअर’ या शब्दाने सांगता येई. पुढे बर्ट्रांड मेयर यांच्या आयफेल या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेत ही अट वारशाच्या रूपाने आली : अमुक वर्गाचा वंशजच चालेल. मात्र येथे एक अडचण होती. संख्या व नाव हे दोन्ही ‘तुलनाक्षम’ वर्गाचे वंशज असले, तरी त्यांची एकमेकांशी तुलना संभवत नाही. १९८९ मध्ये कॅनिंग, कुक आदी संशोधकांनी मांडलेल्या ‘एफ-बाउंडेड’ बहुरूपतेने यावर मार्ग दाखवला : अटीमध्येच त्या प्रकाराचा पुन्हा उल्लेख करावा, म्हणजे तुलना स्वतःच्याच प्रकाराशी होईल. २००४ मधील जावा ५ मध्ये हीच रचना स्वीकारली गेली. २००५ मध्ये सी शार्प २.० मध्येही ‘व्हेअर’ हा शब्द बंधनासाठी योजला गेला.

बंधनाविना वाटचाल :
सी प्लस प्लस भाषेच्या टेम्प्लेटमध्ये बिआर्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी अशी स्पष्ट अट ठेवली नाही. त्यामुळे लवचीकता व वेग लाभला. परंतु अयोग्य प्रकार दिल्यास चूक टेम्प्लेटच्या अंतर्भागात उघड होई आणि वापरकर्त्याला दीर्घ, दुर्बोध त्रुटिसंदेश वाचावे लागत. ‘कन्सेप्ट्स’ या नावाने बंधने आणण्याचा प्रस्ताव २००९ मध्ये मानकाच्या मसुद्यातून वगळण्यात आला. अखेर सी प्लस प्लस २० मध्ये ती वेगळ्या, सुटसुटीत स्वरूपात समाविष्ट झाली.

निष्कर्ष :
‘बंधन’ या शब्दामुळे मर्यादेचा भास होत असला, तरी ते दुहेरी वचन आहे. अट पूर्ण करणारा प्रकार देणे ही वापरकर्त्याची जबाबदारी, तर त्या अटीपलीकडे काहीही गृहीत न धरणे ही जेनेरिक कृती लिहिणाऱ्याची. वचन लिखित असेल तरच कोणत्या बाजूने ते मोडले, हे कंपायलर नेमके दाखवू शकतो. विद्यार्थ्यांना वाक्यरचनेआधी हे प्रयोजन समजावून दिल्यास भाषा बदलली तरी त्यांचे आकलन टिकून राहील.